मोतद्दाराचे गाणे आणि बाळकुमचा धवला

इसवी सन १८१६ च्या पावसाळ्यात त्रिंबकजी डेंगळे ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत होता. गायकवाडांचा वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर पुण्यास आला असता १८१५ च्या जुलै महिन्यात पंढरपुरास त्याचा खून झाला होता. त्या खुनाचा ठपका ज्याच्यावर आला तो दुसऱ्या बाजीरावाचा हा मर्जीतला कारभारी, रेसिडेंट एल्फिन्स्टनच्या तगाद्यापुढे पेशव्याचे काही न चालल्यामुळे, कंपनी सरकारच्या हवाली करण्यात आला होता. बंदोबस्त कडेकोट होता. एतद्देशीय शिपाई फितूर होतील या धास्तीने पहाऱ्यावर गोरेच शिपाई नेमले होते, आणि नेमकी हीच खबरदारी कैद्याच्या पथ्यावर पडली. एका इंग्रज अंमलदाराच्या पदरी असलेला एक मराठा मोतद्दार मालकाचा घोडा फिरवताना, त्याला खरारा करताना, कैद्याच्या खिडकीखाली मराठीत गाणी म्हणू लागला. पहारेकऱ्यांना ती भाषा येत नव्हती; नोकर माणूस काम करता करता गुणगुणतो आहे, यापलीकडे त्यांना त्यात काही दिसले नाही. गाण्यात मात्र झुडपांआड दबा धरून बसलेले तिरंदाज होते, झाडाखाली तयार उभा असलेला घोडा होता, आणि एका स्वाराच्या येण्याची वाट पाहणारे साथीदार होते. १२ सप्टेंबरच्या रात्री डेंगळे किल्ल्याबाहेर पडला आणि मोतद्दारही नाहीसा झाला.

पुढचा राजकीय इतिहास शाळेच्या पुस्तकांतून आपण सर्वांनी वाचलेला आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, त्रिंबकजी पुन्हा पकडला गेला, गंगाकाठच्या चुनारच्या किल्ल्यात त्याची रवानगी झाली आणि तेथेच १८२९ मध्ये त्याचा अंत झाला. मला या ठिकाणी विचार करावयाचा आहे तो त्या गाण्याचा. ते गाणे आज आपल्या हाती आहे, पण मराठीत नाही. कलकत्त्याचा बिशप रेजिनाल्ड हेबर १८२४ मध्ये चुनारला गेला तेव्हा त्याने बंदिवान त्रिंबकजीला पाहिले. पुढच्या वर्षी तो मुंबईस आला आणि ठाण्याच्या सेंट जेम्स चर्चचा अभिषेक त्याच्या हातून झाला. हा हेबर स्वतः कवी होता. विद्यार्थिदशेत ऑक्सफर्डच्या काव्यस्पर्धेत त्याने बक्षीस मिळवले होते, आणि वर्डस्वर्थ, स्कॉट, बायरन यांच्या काळात वाढलेल्या त्याच्या मनाला कैदखान्याच्या खिडकीखाली गाणाऱ्या त्या इमानी सेवकाच्या कथेने मोहिनी घातली असल्यास नवल नाही. आपल्या प्रवासाच्या रोजनिशीत त्याने ती कथा नमूद केली आणि गाण्याचा आशय इंग्रजी पद्यात उतरवला. मूळ मराठी शब्द त्याने टिपले नाहीत, मोतद्दाराचे नाव दिले नाही.

त्या रोजनिशीचेही छापील पुस्तक हेबरने स्वतः पाहिले नाही. १८२६ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्रिचनापल्लीस स्नानाला उतरला असता त्याचा अकस्मात मृत्यू झाला. त्याच्या मागे त्याची पत्नी अमेलिया हिने कागद जुळवले, संपादले आणि १८२८ मध्ये बायरनचाच प्रकाशक जॉन मरे याच्याकडून लंडनमध्ये ते प्रसिद्ध करविले. ठाण्याच्या किल्ल्यातील एका मराठी माणसाच्या गाण्याचे जे काही उरले आहे, ते एका परदेशी विधवेने नवऱ्याच्या आठवणीसाठी केलेल्या श्रमामुळे उरले आहे. कवितेचे दीर्घायुष्य कशावर अवलंबून असते, या प्रश्नाचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

त्या काळच्या इंग्रज कवींनी या प्रश्नाचे एक उत्तर देऊन ठेवले होते, आणि ते उत्तर आपल्याकडच्या महाविद्यालयांतून तीन पिढ्यांनी पाठ केले. मोतद्दाराने गाणे म्हटले त्यानंतर तिसऱ्या वर्षी, १८१९ मध्ये, जॉन कीट्सने एका ग्रीक कलशावर आपले प्रसिद्ध स्तोत्र रचले. कलशावर कोरलेला प्रियकर प्रेयसीपर्यंत कधीच पोचत नाही, परंतु त्यामुळेच तिचे सौंदर्य कोमेजत नाही आणि त्याची प्रीतीही ओसरत नाही. माणसे मरतात, पिढ्या झिजतात, कलाकृती मात्र आहे तशीच राहते, असा त्या काव्याचा भाव आहे. हे लिहिणारा तरुण क्षयाने खंगत जाऊन १८२१ च्या फेब्रुवारीत, अवघ्या पंचविसाव्या वर्षी, रोममध्ये वारला. वाङ्‌निश्चय झालेल्या फॅनी ब्रॉन हिची शेवटची पत्रे फोडून वाचण्याचे धैर्य त्याला झाले नाही. ती न वाचलेली पत्रे त्याच्याबरोबरच पुरली गेली. थडग्यावर त्याच्या इच्छेप्रमाणे नाव घातले नाही. ज्याचे नाव पाण्यावर लिहिले गेले असा एक मनुष्य येथे निजला आहे, ही त्याने सांगितलेली ओळ मित्रांनी आपल्या मजकुरासह कोरली. ज्याने कलेच्या चिरंतनत्वाचा एवढा उद्घोष केला, त्याला स्वतःच्या कवितेच्या चिरंतनत्वाचा भरवसा नव्हता. तो भरवसा त्याच्या मित्रांनी निर्माण केला. मृत्युशय्येपाशी बसलेला चित्रकार सेव्हर्न, टिपणे जपून ठेवणारा चार्ल्स ब्राउन, आणि या साऱ्यांचे कागद घेऊन १८४८ मध्ये कीट्सचे चरित्र व पत्रे प्रसिद्ध करणारा मिल्न्स हे नसते, तर त्या कलशाचे आणि मोतद्दाराच्या गाण्याचे दैव फारसे निराळे झाले असते असे मला वाटत नाही.

कविता सुंदर असते म्हणून टिकते हा समज मला अर्धवट वाटतो. तिच्यावर कोणीतरी जीव लावतो, ती पाठ करतो, उतरवून घेतो, छापतो, कपाटात नीट ठेवतो, म्हणून ती टिकते. प्रेम हा त्या इंग्रज कवींच्या काव्याचा विषय खरा, परंतु प्रेम हे त्याच्या टिकण्याचे साधनही आहे, आणि आपल्या समीक्षेने या दुसऱ्या अंगाकडे फार थोडे लक्ष दिले आहे.

हाच प्रकार मराठीत जशाच्या तसा घडला. १८९२ मध्ये केशवसुतांनी ‘मयूरासन आणि ताजमहाल’ ही कविता लिहिली. मराठीतले पहिले सुनीत म्हणून तिची नोंद होते, आणि तिचा विषय नेमका हाच आहे. शहाजहानने सत्तेसाठी रत्नजडित सिंहासन घडविले आणि प्रीतीसाठी संगमरवरी समाधी बांधविली. सिंहासन १७३९ मध्ये नादिरशहाने लुटून नेले, समाधी यमुनेकाठी उभी आहे. खानदेशच्या सीमेवरील बुऱ्हाणपुरास १६३१ मध्ये बाळंतपणात मृत्यू पावलेल्या मुमताजसाठी उठलेली ती वास्तू या कोकणी शाळामास्तराला कलेच्या अमरत्वाची साक्ष वाटली. पण ज्याने ही साक्ष दिली त्याच्या स्वतःच्या कवितांना ना संगमरवर होता ना पुठ्ठ्याची बांधणी. जळगावच्या नारायण नरसिंह फडणिसांचे ‘काव्यरत्नावली’, हरिभाऊ आपट्यांचे ‘करमणूक’ अशा नियतकालिकांच्या अंकांत त्या विखुरल्या होत्या. प्लेगच्या साथीने मुंबई सोडावयास लागून ते खानदेशात भडगावला, पुढे फैजपूरला आणि धारवाडला शिक्षकी करीत राहिले, आणि १९०५ च्या नोव्हेंबरमध्ये हुबळीस त्याच प्लेगने त्यांना गाठले. त्यांच्या पाठोपाठ काही दिवसांतच त्यांच्या पत्नीनेही देह ठेवला. केशवसुतांचे वय एकोणचाळीस. हयातीत एकही संग्रह नाही. मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १९१७ मध्ये, ‘केशवसुतांची कविता’ हे पुस्तक निघाले ते हरिभाऊ आपट्यांच्या खटपटीने. आणि ज्या जेमतेम १३५ कवितांवर आधुनिक मराठी काव्याची इमारत उभी आहे असे आपण म्हणतो, त्या एका जागी वाचावयास मिळू लागल्या त्या तेव्हापासून.

बालकवींची गोष्ट याहून हृदयद्रावक आहे, आणि तिचा एक धागा ठाण्याशी जुळतो. ठाण्यास सिव्हिल सर्जन म्हणून नोकरी केलेले डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे व्यासंगी गृहस्थ होते. वनस्पतिशास्त्रात त्यांचा अधिकार इतका मोठा की औषधी वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ आजही संदर्भासाठी उघडला जातो. आणि काव्यात रस असा की १८८४ मध्ये त्यांनी टेनिसनच्या ‘प्रिन्सेस’ काव्याचे ‘इंदिरा’ या नावाने मराठी रूपांतर केले. जिल्ह्याच्या गावी रोग्यांच्या नाड्या पाहणारा आणि कवक-शेवाळांचे नमुने गोळा करणारा हा माणूस इंग्रजी कवितेला मराठी पदर चढवीत बसत असे, हे चित्र मला त्या पिढीच्या थोरवीचे द्योतक वाटते. १९०७ मध्ये जळगावला भरलेल्या कविसंमेलनाचे अध्यक्षपद याच कीर्तिकरांकडे होते, आणि तेथे सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या मुलाची कविता ऐकून त्यांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. पदवी देणाऱ्याने मुलाला ओळखले होते; काळाने त्याला मोठे होऊ दिले नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत धावलेली आगगाडी पुढे कल्याणवरून घाट चढून खानदेशात गेली, आणि त्याच लोहमार्गावर जळगावजवळच्या भादली स्थानकात ५ मे १९१८ रोजी रूळ ओलांडताना गाडीखाली सापडून बालकवी गेले. अठ्ठावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांचे घरगुती रूप आपल्यापर्यंत आले ते लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’तून, म्हणजे पुन्हा एका माऊलीच्या मायेतून.

केशवसुतांनी ताजमहालावर सुनीत लिहिले त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १ जून १८९३ रोजी, ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारण संबंध नाही, तरी मला त्या एकमेकींच्या शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात, कारण एकीत कलेच्या अमरत्वावरील श्रद्धा आहे आणि दुसरीत त्या श्रद्धेला लागणारी मेहनत आहे. विनायक लक्ष्मण भावे आणि विष्णु भास्कर पटवर्धन हे संस्थापक; भाव्यांचे वय त्या वेळी एकवीस. मराठीत छापलेले प्रत्येक पुस्तक मिळवून जतन करावयाचे, चांगले-वाईट ठरविण्याचे काम पुढच्यांवर सोडावयाचे, हा त्यांचा संकल्प होता, आणि इंग्रजी ग्रंथालयांचा थाट असलेल्या त्या काळात केवळ मराठी ग्रंथांसाठी संस्था काढणे हे धाडसच होते. भावे तेवढ्यावर थांबले नाहीत. गावोगावच्या घरांतील जुनी बाडे मिळवून त्यांतील अप्रकाशित काव्ये छापण्यासाठी १९०३ मध्ये त्यांनी ‘महाराष्ट्र कवि’ हे मासिक काढले; ‘महाराष्ट्र सारस्वत’ या ग्रंथात प्राचीन मराठी कवींचा इतिहास सांगितला; आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत महानुभावांच्या ग्रंथांचा ध्यास घेतला. शतकानुशतके सांकेतिक लिपीत लपून राहिलेले ते वाङ्मय बाहेर काढण्यात ज्यांनी हाडे झिजविली त्यांच्यात ठाण्याच्या या माणसाचे नाव अग्रभागी आहे. १९२६ मध्ये ते वारले.

बाड म्हणजे काय हे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द लिहितो. आडव्या, लांबट, हाताने शिवलेल्या या वह्यांत घरातील कोणा पूर्वजाने बोरूने, शब्द न तोडता, ओळीच्या ओळी उतरविलेल्या असतात. एका पानावर मोरोपंतांची आर्या, पुढच्या पानावर सर्पदंशावरचा तोडगा, त्यापुढे सावकाराच्या देण्याचा हिशेब, आणि मग पुन्हा अभंग. शाईने कागद खाल्लेला असतो, कसरीने भोके पाडलेली असतात. असल्या पानांतून एकेका कवीला सोडवून आणणे हे काम ज्याला कवितेचे वेड आहे त्याच्याच हातून होते. पगारी कारकुनाच्या हातून ते होत नाही.

ठाण्याने आपला हा धर्म पुढेही पाळला. १९६० मध्ये येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी रा. श्री. जोग होते, ज्यांनी केशवसुतांच्या काव्याची साक्षेपी मीमांसा केली होती. सासरी निघालेल्या लेकीची आणि तिच्या आईची गाणी लिहून घराघरांत पोचलेले पी. सावळाराम या शहराचे नगराध्यक्ष झाले, ही गोष्ट कोणत्याही नगरपालिकेने अभिमानाने सांगावी अशी आहे. आणि १९७८ मध्ये मासुंदा तलावाच्या काठी नाट्यगृह उभे राहिले तेव्हा त्याला नाव दिले गेले राम गणेश गडकरी यांचे. केशवसुतांचे शिष्यत्व उघडपणे मिरविणारे, असफल प्रीतीला मराठीत वाणी देणारे गोविंदाग्रज ते हेच. २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे तेहतिसाव्या वर्षी ते गेले. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले ते त्यांच्या मागे महिन्याभराने, आणि ‘वाग्वैजयंती’ हा काव्यसंग्रह वाचकांच्या हाती पडला १९२१ मध्ये. पुण्याच्या संभाजी उद्यानातील त्यांचा पुतळा २०१७ च्या जानेवारीत उखडून नदीत टाकला गेला. त्या कृत्याने मला दुःख झाले, परंतु ‘वाग्वैजयंती’तील एक अक्षरही त्यामुळे कमी झाले नाही, कारण ती हजारो घरांत आहे आणि कित्येकांना मुखोद्गत आहे.

मुखोद्गत हा शब्द लिहिताच मला किल्ल्यापासून खाडीकाठाने उत्तरेस, खाडी उल्हास नदीला भिडते त्या अंगाला असलेल्या बाळकुमकडे वळले पाहिजे. मुंबई-आग्रा रस्ता जुन्या काळी कापूरबावडीहून बाळकुम नाक्यावरून कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीकडे जात असे. आज त्याच वाटेवर मेट्रोचे खांब उभे आहेत आणि भातखाचरांच्या जागी पंचवीस-तीस मजल्यांच्या इमारती आहेत. त्यांच्या मधोमध मूळ गाव आणि पाडे तग धरून आहेत. हे आगरी-कोळ्यांचे गाव. भात, मीठ आणि मासळी यांवर जगलेल्या या समाजात लग्न लावण्याचा मान परंपरेने धवला म्हणजे लग्नगीत गाणाऱ्या धवलारणीचा होता. मांडव घालणे, हळद दळणे, तेलवण, पाणी आणणे, वरात निघणे, प्रत्येक विधीला तिचा धवला ठरलेला; तो म्हटल्यावाचून विधी पुरा झाला असे कोणी मानीत नसे. एक स्त्री ओळ उचलते, दुसऱ्या ती पुरी करतात. गावदेवीपासून सर्व दैवतांना लग्नाचे आवतण जाते, नवरीच्या अंगावरच्या हळदीचे आणि तिच्या आईच्या काळजाचे वर्णन होते, आणि रात्र सरत जाते. हातात पुस्तक नाही, कागद नाही. सासूकडून सुनेने, मावशीकडून भाचीने, जुन्या धवलारणीच्या मागे बसून ऐकत ऐकत ते शिकावयाचे.

लग्नविधीत स्त्रियांनी गावयाच्या या गीतप्रकाराची मराठीतील वंशावळ फार जुनी आहे. तेराव्या शतकात, ऋद्धिपूर येथे गोविंदप्रभूंच्या लग्नाचा सोहळा भक्तांनी आरंभिला तेव्हा महानुभाव पंथाच्या महदंबेने जे धवळे रचले, त्यांत कृष्ण-रुक्मिणीच्या प्रीतीची कथा आहे, आणि त्यांच्यामुळे तिला मराठीची आद्य कवयित्री म्हणतात. महदंबेचे धवळे आणि बाळकुमचा धवला यांच्यामध्ये सलग परंपरेचा पुरावा मांडणे कठीण आहे आणि तसा दावा मी करीत नाही. परंतु दोहोंच्या दैवातील फरक डोळ्यांत भरणारा आहे. महदंबेच्या शब्दांना लिपी मिळाली, पोथी मिळाली, पोथी प्राणापलीकडे जपणारा पंथ मिळाला, आणि पुढे ती छापणारे संशोधक मिळाले. बाळकुमच्या धवलारणीला फक्त दुसरी धवलारीण मिळत आली, आणि आता तीही मिळेनाशी झाली आहे. लग्ने कार्यालयांत लागतात, तासाभराच्या भाड्यात रात्रभराचा धवला बसत नाही, आणि हळदीच्या दिवशी ध्वनिक्षेपकावर वाजणाऱ्या गाण्यांपुढे म्हातारीचा आवाज ऐकू येत नाही. नव्या पिढीला मी दोष देत नाही. भात कापणे संपले तेथे भाताची गाणी किती काळ राहणार? पण जे आज कोणाच्या तरी कंठात पुरते शाबूत आहे, ते केवळ कोणी विचारले नाही म्हणून नष्ट होणे ही निराळी गोष्ट आहे, आणि तिची जबाबदारी आपल्यावर येते.

कीट्सला सेव्हर्न होता, केशवसुतांना हरिभाऊ होते. १८१६ च्या मोतद्दाराला स्वभाषेतले कोणी नव्हते, म्हणून त्याचे गाणे परभाषेत गेले आणि नाव तर कोठेच गेले नाही. ठाण्यात आज सव्वाशे वर्षांहून जुने ग्रंथसंग्रहालय आहे, महाविद्यालये आहेत, आणि प्रत्येकाच्या खिशात आवाज टिपून घेणारे यंत्र आहे. भाव्यांना बाडामागे बैलगाडीने हिंडावे लागे, आपल्याला बाळकुम नाक्यावर उतरून चार घरे चालत जावयाचे आहे. ज्यांच्या घरात आजी, आत्या, चुलती धवला जाणणारी आहे, त्यांनी या लग्नसराईच्या आत तिच्यापाशी बसावे, तिचा धवला तिच्याच बोलीत, शब्द न सुधारता, पहिल्यापासून अखेरपर्यंत ध्वनिमुद्रित करावा, वहीत उतरवावा, तिच्या संमतीने एक प्रत ग्रंथसंग्रहालयात द्यावी, आणि त्या वहीच्या पहिल्या पानावर गाणारणीचे पूर्ण नाव व गाव लिहावे.